थुंकण्याचा परवाना

चवसाहेबांनी साखर सोडली, यात बातमी होण्यासारखं खरं तर काही नव्हतं. माणसं काय काय सोडतात. कुणी चहा सोडतं, कुणी सिगारेट सोडतं आणि दर सोमवारी पुन्हा सोडतं. अडचण एवढीच होती की चवसाहेब बिस्किटाच्या कारखान्यात बिस्किटं खाण्याच्या नोकरीवर होते.

सव्वीस वर्षं ते हेच करत आले होते. चव-कक्ष नावाची पांढऱ्या फरशांची एक खोली, त्यात एक टेबल, एक खुर्ची, एक बेसिन आणि सात बशा. दिवसातून चार वेळा भट्टीवरून बशा भरून येत. चवसाहेब बिस्किट उचलत, आधी कानाशी मोडत, मग चौदा वेळा चावत, डोळे मिटत, गिळत आणि समोरच्या वहीत ‘पास’ किंवा ‘परत’ लिहीत. ‘परत’ लिहिलं की अख्खी भट्टी थांबे. घरात त्यांनी पंखा बंद करा म्हटलं तर तोही कुणी बंद करत नसे, त्यामुळे या थांबणाऱ्या भट्टीचं त्यांना फार अप्रूप होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती याच खुर्चीत काढायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

तर सुरुवात झाली साडूपासून. बहुतेक घरांतल्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले होते. साडू आत आला तो शर्ट खोचून. हा माणूस पंधरा वर्षं शर्ट बाहेर सोडून वावरलेला, आधी त्याचं पोट आत यायचं आणि मग तो. आता मधलं पोटच गायब.

“अगबाई! भाऊजी किती बारीक झाले!” चवसाहेबांची बायको म्हणाली. इथवर ठीक होतं. पण मग तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बोलावं लागत नाही.

“सोप्पं आहे हो,” साडू म्हणाला. “पीठ, भात, बटाटे आणि साखर, एवढं बंद. बाकी अंडी खा, लोणी खा, चीज खा, कोबी खा. उपाशी राहायचंच नाही.” असं म्हणून त्याने लोण्याचा गोळा नुसता तोंडात टाकला. सासूबाईंनी कौतुकाने आणखी एक वाढला. चवसाहेबांनी त्याच क्षणी ठरवलं की या माणसापेक्षा एक किलो तरी जास्त उतरवायचं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात कारखान्यातली वार्षिक तपासणी झाली. कारखान्याचे डॉक्टर म्हणजे भला माणूस, पण त्यांनी शिक्षण संपवलं त्या दिवशी वैद्यकशास्त्रही संपलं, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर समतोल आहाराचा तक्ता होता. ताटाचे दोन भाग पाव आणि भात, उरलेल्यात भाजी, आणि कोपऱ्यात एक बिस्किट. तक्ता कारखान्याने छापून दिला होता.

“साखर काठावर आली आहे,” डॉक्टर म्हणाले. “तूप-लोणी बंद. धान्य वाढवा. रोज चाला. आणि ही गोळी, काहीतरी खाऊन घ्या.” काहीतरी म्हणून त्यांनी टेबलावरचा बिस्किटांचा डबा पुढे केला.

चवसाहेबांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि साडूचं केलं.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं दुखे, चिडचिड होई, आणि रस्त्यात पावाच्या दुकानासमोर पाय आपोआप थांबत. बायकोने मात्र कंबर कसली. सकाळी अंडी, दुपारी फ्लॉवर, संध्याकाळी फ्लॉवर. फ्लॉवरचा भात, फ्लॉवरचा पाव, फ्लॉवरचं सूप. “अहो, आज वेगळं केलंय,” असं म्हणून ती ताटावरचं झाकण काढी आणि आत कोबी असे. कारखान्यात चवसाहेब बिस्किटाचा नखाएवढा तुकडा चाखत आणि उरलेल्या बिस्किटाकडे पाठ फिरवत. तेवढ्यावर काम भागत होतं.

तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. पट्ट्याला चांभाराकडून तीन नवी भोकं पाडून घ्यावी लागली, आणि चवसाहेब ती कुणी न विचारता दाखवत. साखरही उतरली. तो कागद घेऊन ते ताठ मानेने दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी कागद उलटासुलटा पाहिला. “यंत्र बिघडलं असेल.”

पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच.

“भूक लागते? झोप? घरी काही काळजी?”

“काळजी कसली? मी पीठ-साखर सोडली.”

“हे बघा, वजन असं उतरलं की आम्ही आधी आजार शोधतो.” आणि त्यांनी खरंच शोधला. छातीचा फोटो झाला, पोटाचा झाला, लघवीपासून बुबुळापर्यंत सगळं तपासून झालं. काहीच निघालं नाही. शेवटचा अहवाल वाचताना डॉक्टर खरोखर उदास दिसत होते. “आज नाही, पण पुढे त्रास होईल,” ते म्हणाले. “मेंदूला साखर लागते, साहेब.”

“कुणाकुणाच्या मेंदूला जास्त लागत असेल,” चवसाहेब म्हणाले आणि बाहेर पडले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की घरी जाईपर्यंत ते त्यांनी तिघांना सांगितलं.

माणसाला बरं वाटलं तर तो गप्प बसेल. पण आपलं बरं झालेलं डॉक्टर मानत नाहीत म्हटल्यावर तो प्रचारक होतो. चवसाहेबांनी कँटीनच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पाव टाळा, पट्टा आवळा.’ दुसऱ्या दिवशी खाली डॉक्टरांच्या अक्षरात काहीतरी उमटलं. ते कुणालाच वाचता आलं नाही, पण विरोधात आहे एवढं कळलं. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या डब्यांच्या गोदामात एक मंडळ भरू लागलं. बॉयलरवाला आला, पॅकिंगच्या दोघीजणी आल्या, आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते आस्थापना विभागातल्या बाई आल्या तेव्हा. बिस्किटाच्या कारखान्यात, बिस्किटाच्याच डब्यांवर बसून, पाच माणसं उकडलेली अंडी सोलत बिस्किटाविरुद्ध बोलत होती.

घरच्या बाजूला सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या वहिनी म्हणाल्या, केस गळतील. खालच्या शिंप्याने गाल बसल्याचं सांगितलं आणि विजारी आत घ्यायला मागून घेतल्या. वरच्या मजल्यावरचे मास्तर तर जिन्यातच गाठत.

“घोडा बघा,” मास्तर म्हणत. “आयुष्यभर धान्य खातो. दिसतो का कधी जाडा घोडा?”

“मास्तर, घोडा दिवसभर पळतो.”

“मग तुम्हीही पळा! पण खा!”

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग मोठ्या साहेबांनी नवं बिस्किट काढायचं ठरवलं. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. त्यांनी हुकूम काढला, की महिनाभर रोज चाळीस नमुने चाखले जातील, आणि नखाएवढे तुकडे चालणार नाहीत, नियम चौदाप्रमाणे अख्खं बिस्किट चावून गिळलं पाहिजे. कारण गिळल्यावर घशात चव किती वेळ राहते, हे वहीत लिहायचं असतं. हा नियम सव्वीस वर्षांपूर्वी खुद्द चवसाहेबांनीच नवा नवा उत्साह असताना सुचवला होता.

रोज चाळीस बिस्किटं! तीन महिन्यांची सगळी तपश्चर्या आठवड्यात मातीत मिळणार होती. चवसाहेब आस्थापनेतल्या बाईंकडे गेले. बाई मंडळात अंडी खात असल्या तरी खुर्चीवर बसल्या की वेगळ्याच बाई होत.

“मी चाखीन, पण गिळणार नाही,” चवसाहेब म्हणाले. “बेसिनमध्ये थुंकीन.”

बाईंनी बोटाने भिंतीवरची पाटी दाखवली. ‘कारखान्याच्या आवारात थुंकण्यास सक्त मनाई आहे.’

“अहो, ती पाटी तंबाखूवाल्यांसाठी आहे.”

“पाटीवर तसं लिहिलंय का? थुंकायचं तर सूट घ्यावी लागेल. नमुना क्रमांक नऊ. तीन प्रती. इथे अर्जदाराची सही, इथे विभागप्रमुखाची, म्हणजे पुन्हा तुमचीच, आणि इथे वैद्यकीय कारण लिहून डॉक्टरांची सही.”

“आणि नाही मिळाली तर?”

“तर एक तर गिळा, नाहीतर बदलीचा अर्ज द्या. डब्यांच्या गोदामात जागा आहे.” मग बाईंनी आवाज खाली आणला. “मंडळाला सोयीचं पडेल तसं.”

चवसाहेब तीन प्रती घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी चष्मा पुसून अर्ज वाचला. “कारणाच्या रकान्यात मी काय लिहू?”

“लिहा की, बिस्किटाने साखर वाढते.”

“बिस्किटाच्या कारखान्याचा डॉक्टर, बिस्किटाच्या कारखान्याच्या कागदावर लिहिणार, बिस्किटाने साखर वाढते?”

“पण वाढते ना?”

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. “समतोल आहारात,” ते म्हणाले, “बिस्किटाला स्थान आहे.” आणि भिंतीवरच्या तक्त्याचा कोपरा दाखवला.

सही मिळाली नाही. आता गिळलं तर साखर गेली, नाही गिळलं तर खुर्ची गेली. चवसाहेबांनी तिसरा मार्ग काढला आणि तो अर्थातच सगळ्यात वाईट निघाला. ते बिस्किट चौदा वेळा चावत, डोळे मिटत, आणि दार बंद आहे असं पाहून हळूच रुमालात काढत. बेसिनमध्ये टाकावं तर ते तुंबे. टोपलीत टाकावं तर झाडूवाली बाई हुशार होती. म्हणून रुमाल कोटाच्या खिशात जाई. रोज सहा रुमाल. बायको धुवायला काढताना म्हणाली, “अहो, तुम्हाला सर्दी झालीय की आणखी काही?”

चौथ्या दिवशी मुंग्यांना पत्ता लागला.

पाचव्या दिवशी सभागृहात डॉक्टरांचं वार्षिक आरोग्य व्याख्यान होतं. विषय मुद्दाम निवडलेला, ‘आहारातील भ्रामक कल्पना’. चवसाहेब पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. डॉक्टर धान्याचं महत्त्व सांगत होते आणि चवसाहेबांच्या बाहीतून एक रांग शिस्तीत मानेकडे निघाली होती. त्यांनी दहा मिनिटं धीर धरला. मग मान झटकली. डॉक्टरांना वाटलं, आपलं म्हणणं अमान्य आहे.

“काही शंका?”

चवसाहेबांनी पाठ झटकली, मग पाय झटकले, मग उठून एका जागी उड्या मारायला लागले. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

“बघा,” डॉक्टर व्यासपीठावरून म्हणाले, “मेंदूला साखर मिळाली नाही की असं होतं.”

चवसाहेबांनी कोट काढून फेकला आणि तसेच फाटकाकडे पळाले. मागून शिपाई तो कोट घेऊन धावला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने कोट हातात घेऊन त्याच्यासमक्ष खिसे तपासले, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘कारखान्याचा माल, अंदाजे तीसपस्तीस नग, चावलेला, सहा रुमालांत, आवाराबाहेर नेताना आढळला.’

सव्वीस वर्षं ज्याच्या एका शब्दावर भट्टी थांबत असे, त्याचं नाव चोरीच्या रजिस्टरात चढलं. चवसाहेबांना त्या रात्री अंडंही गोड लागेना. बायको जवळ बसून म्हणाली, “जाऊ द्या हो. गोदाम तर गोदाम. मला तुम्ही धडधाकट हवे आहात.” त्यांना फार भरून आलं. पण गोदामात सात बशा नव्हत्या.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. पहिला पाऊण तास चावलेलं बिस्किट हा माल की कचरा, यावरच गेला. माल असेल तर चोरी, कचरा असेल तर आवाराबाहेर नेल्याबद्दल आभार मानायला हवेत, असा नियम आस्थापनेतल्या बाईंनी वाचून दाखवला. शेवटी मोठे साहेब कंटाळले.

“ते राहू द्या. मला एवढंच सांगा, यांची जीभ अजून कामाची आहे का?”

डॉक्टरांनी लेखी मत आणलंच होतं. “साखर सोडलेल्या माणसाला गोडाची पारख राहत नाही. यांनी पाच नमुने ओळखून दाखवावेत. नाही जमलं तर गोदाम.”

पाच बशा आल्या. चवसाहेबांनी बिस्किट उचललं, कानाशी मोडलं, चावलं. पहिलं चाखून त्यांनी बशी बाजूला सारली. दुसरं चाखून तीही सारली. तिसऱ्याला त्यांनी सरळ मोठ्या साहेबांच्या कपात थुंकलं.

“हे काय!” मोठे साहेब ओरडले.

“तिन्ही फार गोड आहेत,” चवसाहेब म्हणाले. आवाज कापत होता, पण जीभ कापत नव्हती. “पण या तिसऱ्यात साखर दुसऱ्यांदा पडली आहे. पीठ मळताना कुणीतरी साखरेचं पोतं दोनदा ओतलं.”

मळणी विभागातल्या मुकादमाला बोलावलं. तो आधी नाही म्हणाला, मग घाम पुसला, मग म्हणाला, सकाळी चहाची घंटा झाली, त्या गडबडीत आधी टाकलीय की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा टाकली.

डॉक्टर आपल्या लेखी मताची घडी घालू लागले.

“पूर्वी मला हे एवढं कळलं नसतं,” चवसाहेब म्हणाले. “आता जीभ धुतल्यासारखी झाली आहे. माझं ऐकाल तर नव्या बिस्किटातली साखर तिसऱ्या हिश्शाने कमी करा.”

मोठ्या साहेबांनी ऐकलं. शिवाय स्वतःच्या अधिकारात थुंकण्याची सूटही दिली. कारणाच्या रकान्यात ‘जिभेच्या संरक्षणार्थ’ असं लिहिलं, त्यामुळे डॉक्टरांच्या सहीची गरज पडली नाही. खाली बाईंनी बारीक अक्षरात भर घातली, ‘फक्त चव-कक्षापुरते.’ चवसाहेबांनी परवाना चौकटीत घालून बेसिनवर टांगला. खुर्ची वाचली. पण डॉक्टरांनी अजून मान्य केलं नव्हतं, आणि ते त्यांना नखात शिरलेल्या कुसळासारखं खुपत होतं.

आणि मग ते नवं बिस्किट बाजारात आलं.

इतकं खपेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. जुनी बिस्किटं दोन खाल्ली की तोंड मिटायचं. हे कमी गोड, त्यामुळे पुडा संपेपर्यंत हात थांबत नसे. पुड्यावर छापलं होतं, ‘साखर कमी’. कारखाना तीन पाळ्यांत चालू झाला. साडूने शर्ट पुन्हा बाहेर सोडला. “तुमचंच बिस्किट ना, पथ्याचं,” असं म्हणत मास्तर जिन्यात उभ्या उभ्या आठ खात आणि घोड्याचं नाव काढेनासे झाले. डब्यांच्या गोदामात मंडळाची बैठक भरली तेव्हा बॉयलरवाल्याने अंड्याबरोबर पुडा फोडला. ज्या माणसाने पाव टाळायचा प्रचार केला, त्याने सगळ्यांना बिस्किटाला लावलं. चवसाहेबांनी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, कारण तिच्या तोंडात एक होतं.

वर्षअखेरीला सत्कार ठरला. सभागृहात फुलं, माईक, फोटोवाला. मोठ्या साहेबांनी भाषण केलं आणि मग चवसाहेब आणि डॉक्टर, दोघांना पुढे बोलावून हातात एकेक बिस्किट दिलं. “चव आणि आरोग्य!” ते म्हणाले. “दोघांनी एकदम खायचं. फोटो!”

दोघांनी तोंडात टाकलं. फोटो झाला. टाळ्या झाल्या. चवसाहेब गाल फुगवून हसले, नमस्कार केला, आणि परवाना फक्त चव-कक्षापुरता असल्यामुळे मागच्या दाराने निघाले. लांब बोळ, मग जिना, मग भट्ट्यांच्या बाजूचा दुसरा बोळ. मागून पावलं वाजत होती. वळून पाहिलं तर डॉक्टर. गाल फुगलेले, चेहरा लाल, कोटाचं मधलं बटण तुटलेलं. गेल्या सहा महिन्यांत डॉक्टर चांगलेच रुंद झाले होते. नव्या बिस्किटाचा डबा त्यांच्या टेबलावर चोवीस तास असे.

चव-कक्षात शिरताच डॉक्टरांनी बेसिनकडे धाव घेतली. चवसाहेब आडवे आले आणि बोटाने चौकटीतला परवाना दाखवला. त्यावर एकच नाव होतं.

डॉक्टरांना बोलता येईना. त्यांनी हातवारे केले. चवसाहेबांनी मान हलवली. शेवटी डॉक्टरांनी खिशातून औषधांच्या चिठ्ठ्यांची वही काढली आणि लिहिलं, ‘मलाही.’

चवसाहेबांनी पेन घेऊन खाली लिहिलं, ‘कारण?’

डॉक्टरांनी बेसिनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आपल्या तुटलेल्या बटणाकडे पाहिलं. कपाळावर घाम आला. मग त्यांनी खाली वाकून एक ओळ लिहिली, सही केली, तारीख घातली आणि कागद फाडून चवसाहेबांच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाचता येत होतं.

चवसाहेब बाजूला झाले. डॉक्टर बेसिनवर वाकले. चवसाहेबांनी कागद उजेडात धरला, छाती पुढे काढली आणि रिकाम्या सात बशांसमोर उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं, “बिस्किटाने साखर वाढते!”

पुन्हा एकदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या लक्षात आलं की आपण अगदी स्पष्ट बोलतोय, आणि तोंडात काहीही नाही.